हप्ता कोणी वाढवला? क्रिकेटच्या ग्रुपवरचं भांडण आणि आपला खिसा

मुंबईत भर पावसाळ्यात चालणाऱ्या कांगा लीगच्या चिखलात आम्ही शेवटचे उतरलो त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण त्या संघाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून जागा आहे. मी त्या संघाचा स्कोअरर. चुकून कोणी आजारी पडलं तरच मैदानात, एरवी झाडाखाली वही-पेन्सिल घेऊन. सवय जात नाही म्हणा किंवा काय, ग्रुपवरची भांडणंही मी मनातल्या मनात त्या वहीतच मांडत असतो.

ग्रुपचं नाव क्रिकेटचं, डीपी क्रिकेटचा, पण गेली काही वर्षं तिथे खरा सामना रंगतो तो दोन विषयांवर: कोणाचा नेता भारी, आणि कोणामुळे आपल्या पैशाची वाट लागली. एकदा भारताची बॅटिंग चालू असताना आमच्या कीपरने बँकेच्या पत्राचा फोटो टाकला. गृहकर्जाची मुदत वाढली होती. त्यावर डावखुऱ्या ओपनरने लिहिलं, "घ्या, तुमच्या साहेबांची कृपा." पुढे साठ-सत्तर मेसेज. मधल्या काळात दोन विकेट पडल्या, त्यावर एकाचाही शब्द नाही.

दोघंही शहाणे आहेत. एक जण बँकेतून निवृत्त झालाय, दुसऱ्याचा स्वतःचा कारखाना आहे. तरीही एकाच पत्रातून दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी वाचल्या. हे कसं होतं, आणि त्या पत्रामागे खरोखर कोणाचा हात असतो, हे जरा उलगडून पाहू.

एकच फिल्म, दोन सामने

अमेरिकेत 23 नोव्हेंबर 1951 रोजी प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. धसमुसळा खेळ. प्रिन्स्टनच्या स्टार खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. प्रिन्स्टन 13-0 ने जिंकलं आणि नंतर कित्येक आठवडे दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांत आरोपांची राळ उडाली.

हास्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी या सामन्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि प्रत्येकाला फाउल मोजायला सांगितले. फिल्म तीच. डार्टमथच्या पोरांना आपल्या संघाचे सरासरी 4.3 फाउल दिसले. प्रिन्स्टनच्या पोरांना त्याच संघाचे 9.8 दिसले.

मुद्दाम खोटं कोणी बोललं, असं त्या दोघांना वाटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येकाने खरोखरच वेगळा सामना पाहिला. पायचीतच्या अपिलाला आपण काय करतो ते आठवा. आपला बॉलर असेल तर सोफ्यावरूनच बोट वर. आपला बॅट्समन असेल तर "अरे, लेगच्या बाहेर जात होता!"

नेत्यांच्या बाबतीत हेच घडतं आणि ते थेट पैशाच्या प्रश्नांपर्यंत पोचतं. मिशिगन विद्यापीठ दर महिन्याला अमेरिकन लोकांना विचारतं, तुमची आर्थिक परिस्थिती कशी वाटते, पुढे कशी असेल. राष्ट्राध्यक्ष बदलून सत्ता दुसऱ्या पक्षाकडे गेली की काही आठवड्यांत उत्तरांची अदलाबदल होते. कालपर्यंत रडणारे खूश आणि खूश असणारे रडके. पगार तोच, किराणा तोच.

"खेळात राजकारण आणू नका"

ग्रुपचा अ‍ॅडमिन हे वाक्य महिन्यातून दोनदा टाकतो. इतर ठिकाणचं माहीत नाही, पण मुंबईत हे म्हणणं म्हणजे वडापावमध्ये बटाटा आणू नका म्हणण्यासारखं आहे. शेषराव वानखेडे राजकारणी होते, विधानसभेचे अध्यक्ष. ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या तिकिटांच्या वाटपावरून त्यांचं क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी भांडण झालं आणि त्यातून वानखेडे स्टेडियम उभं राहिलं. मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदी मनोहर जोशी होऊन गेले. 2001 मध्ये शरद पवारांनी त्याच पदासाठी अजित वाडेकरांना हरवलं, 2011 मध्ये विलासराव देशमुखांनी दिलीप वेंगसरकरांना. पवार पुढे बीसीसीआयचे आणि मग आयसीसीचेही अध्यक्ष झाले. मे 2025 मध्ये वानखेडेवर नव्या नावांचे स्टँड खुले झाले, त्यात एक पवारांचा आणि एक वाडेकरांचा. दोन्ही एकाच दिवशी.

तेव्हा क्रिकेटच्या ग्रुपवर नेते येणारच. घोळ होतो तो नेत्याला क्रिकेटपटूसारखं मोजण्यात. कोहलीने शतक मारलं की ते त्याचंच, धावफलकावर नाव असतं. माझ्या घराच्या हप्त्यातले 4,000 रुपये मात्र कोणाच्या नावावर लिहायचे, हे इतकं सरळ नसतं.

मग हप्ता ठरवतं कोण?

इथे एक शब्द समजून घ्यावा लागेल: रेपो दर. बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसा कमी पडला की त्या रिझर्व्ह बँकेकडून उधार घेतात. त्या उधारीवरचं व्याज म्हणजे रेपो दर. घाऊक बाजारात कांदा महागला की कोपऱ्यावरचा भाजीवाला भाव वाढवतो, तसा हा पैशाचा घाऊक भाव. ऑक्टोबर 2019 पासून बँकांना बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जं अशा बाहेरच्या दराशी बांधावी लागतात. बहुतेकींनी रेपो निवडला. म्हणून हा दर हलला की काही महिन्यांत तुमचं व्याज हलतं.

तो ठरवते सहा जणांची समिती. तिघं रिझर्व्ह बँकेचे, गव्हर्नर धरून. तिघं सरकारने नेमलेले बाहेरचे तज्ज्ञ. मतं समसमान पडली तर गव्हर्नरचं मत निर्णायक. समितीला काम दिलंय महागाई 4 टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचं, दोन टक्के खालीवर चालतील. भाव भडकले की दर वाढवून कर्ज महाग करायचं, म्हणजे लोक हात आखडतात. मंदी आली की उलट.

मे 2020 मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, रेपो 4 टक्क्यांवर आला. मे 2022 मध्ये समितीने ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन तो 4.40 केला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.50 वर नेला. मग दोन वर्षं तिथेच. फेब्रुवारी 2025 पासून उतरणीला लागला आणि डिसेंबर 2025 मध्ये 5.25 झाला.

याचा घरावर परिणाम बघा. 30 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, व्याज साडेसहा टक्के. हप्ता बसतो 22,367 रुपये. तेच व्याज 9 टक्के झालं तर 26,992. महिन्याला साडेचार हजारांच्या वर फरक. आता गंमत पुढे आहे. बँका बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, ग्राहक ओरडू नये म्हणून. पण 30 लाखांवर 9 टक्क्यांनी एका महिन्याचं नुसतं व्याजच होतं 22,500. हप्ता 22,367. म्हणजे 133 रुपये कमीच पडतात. मुद्दल फिटणं तर सोडाच, कर्ज वर चढायला लागेल. कीपरला आलेलं पत्र याच चालीचं होतं.

आता ओपनरचा आरोप: हे तुमच्या साहेबांनी केलं. 2022 मध्ये जगात काय चाललं होतं? कोविडनंतर मालाची टंचाई होती, फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेल आणि गहू भडकले. एप्रिलमध्ये भारतात किरकोळ महागाई 7.79 टक्के होती. जूनमध्ये अमेरिकेत 9.1, ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये 11.1. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने जवळजवळ शून्यावरचा दर जुलै 2023 पर्यंत साडेपाचच्या घरात नेला. बँक ऑफ इंग्लंडने 0.1 वरून 5.25 वर. अमेरिकेत डेमोक्रॅट, ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष, इथे भाजप. खेळपट्टी सगळ्यांनाच खराब होती.

कीपरनेही फार फुशारक्या मारू नयेत. 2025 मध्ये दर उतरला तेव्हा त्याने "बघा आमच्या साहेबांनी हप्ता कमी केला" असा मेसेज फुलांसकट टाकला होता. वाढला तेव्हा युक्रेन, कमी झाला तेव्हा साहेब. आणि ओपनरच्या लाडक्या यूपीएच्या काळात एप्रिल 2009 मध्ये रेपो 4.75 होता, जानेवारी 2014 मध्ये 8. पंतप्रधान दोन्ही वेळा तेच. माझ्या वहीत हे सगळं अवांतर धावांत जमा आहे.

"म्हणजे नेत्याने काहीच फरक पडत नाही?"

पडतो. कधीकधी भयंकर पडतो. लिझ ट्रस यांची गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे.

सप्टेंबर 2022 मध्ये त्या ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या. 23 सप्टेंबरला त्यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली आणि ती भरून कशी काढणार हे सांगितलंच नाही. घरात पगार कमी होणार आणि खर्च तोच राहणार असं जाहीर करून सोसायटीतल्या सगळ्यांकडे उसने मागायला गेलं तर लोक काय करतील? आधी व्याज वाढवतील. ब्रिटिश सरकारला कर्ज देणाऱ्यांनी तेच केलं. पौंड कोसळून डॉलरच्या तुलनेत आजवरच्या नीचांकावर गेला, 28 सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोखे विकत घेण्यासाठी मध्ये पडावं लागलं, आणि दोन वर्षांच्या ठरावीक व्याजाच्या गृहकर्जाचा सरासरी दर ऑक्टोबरात 6 टक्क्यांच्या पुढे गेला. 20 ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला.

पण इथेही वही नीट लिहायला हवी. दर आधीपासून चढतच होते, जगभर. ट्रस यांनी त्या चढणीवर अचानक एक मोठी पायरी घातली. क्वार्टेंग यांच्या जागी आलेल्या अर्थमंत्र्यांनी बहुतेक करकपात मागे घेतली तेव्हा ती पायरी बरीचशी उतरली, चढण मात्र राहिलीच. एकाच हप्त्यात काही रुपये युक्रेनचे, काही ट्रसबाईंचे.

दुसरा नमुना तुर्कस्तानचा. तिथले राष्ट्राध्यक्ष एर्दोगान तरुणपणी फुटबॉल खेळायचे, त्यामुळे ते आमच्या ग्रुपवर शोभले असते. व्याज वाढवल्यानेच महागाई वाढते असं त्यांचं म्हणणं, म्हणजे अर्थशास्त्र जे सांगतं त्याच्या बरोबर उलट. 2019 ते 2021 या काळात त्यांनी मध्यवर्ती बँकेचे तीन गव्हर्नर काढले. महागाई चढत असताना व्याजदर 19 टक्क्यांवरून खाली आणत गेले. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथली सरकारी आकड्यांतली महागाई 85 टक्क्यांवर होती.

"मग आपली रिझर्व्ह बँक तरी कुठे स्वतंत्र आहे?" असं ओपनर लगेच विचारेल. रास्त प्रश्न आहे. गव्हर्नर सरकार नेमतं, समितीतले तीन सदस्य सरकार नेमतं, महागाईचं लक्ष्यही सरकारच ठरवतं. तेव्हा दर महिन्याच्या हप्त्यासाठी नेत्याला धरण्यापेक्षा तो या खुर्च्यांवर कोणाला बसवतो आणि बसवल्यावर त्यांना किती मोकळीक देतो, यावरून धरणं जास्त योग्य. त्यावर कोणी साठ मेसेज टाकत नाही, हे खरं.

तिकिटावरचे 400 रुपये

कराचं प्रकरण वेगळं आहे. इथे नेत्याचं नाव बरंच स्पष्ट लिहिता येतं, पण पत्ता नीट बघावा लागतो.

आयकर ठरवतं केंद्र. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर माफ झाला. जुलै 2024 मध्ये शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर 10 वरून 12.5 टक्के झाला. पहिल्याचं श्रेय ज्यांना द्यायचं, दुसऱ्याचं खापरही त्यांच्याच डोक्यावर फोडायचं. घाऊक सवलत नाही. पेट्रोलवर केंद्राचा उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट, दोन्ही. मुंबईतल्या 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला तो राज्य सरकारच्या निर्णयाने. लाडक्या बहिणीचे 1,500 रुपयेही राज्याचेच.

जीएसटीवर मात्र सगळे अडखळतात. 22 सप्टेंबर 2025 पासून आयपीएलच्या तिकिटावरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला. हजाराचं तिकीट 1,280 ला पडायचं, आता 1,400 ला. ग्रुपवर त्या दिवशी जो धुरळा उडाला तो हप्त्याच्या भांडणापेक्षा मोठा होता. त्याच दिवसापासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला. त्याबद्दल दोन अंगठे आले फक्त. आपल्याला तिकीट दुखतं, विमा आठवत नाही.

हा दर ठरवते जीएसटी परिषद. केंद्र आणि सगळी राज्यं तिथे बसतात. मतांचं वजन असं की एक तृतीयांश केंद्राचं, दोन तृतीयांश सगळ्या राज्यांचं मिळून, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतं. म्हणजे केंद्र एकटं काही करू शकत नाही आणि केंद्राशिवाय सगळी राज्यं मिळूनही करू शकत नाहीत. परिषदेतले निर्णय बहुतेक सहमतीनेच होतात. पहिलं मतदान झालं ते डिसेंबर 2019 मध्ये, आणि तेही लॉटरीवरच्या करासाठी. तिकिटाच्या वाढलेल्या 120 रुपयांवर कीपरच्या पक्षाचीही बोटं आहेत आणि ओपनरच्या पक्षाची ज्या राज्यांत सत्ता आहे त्यांचीही.

चार जूनची दुपार

इथवर नुसतं भांडण होतं. खरा खर्च सुरू होतो तो भांडणावर विश्वास ठेवून पैसे हलवले की.

2024 च्या निवडणुकीत 1 जूनला एक्झिट पोल आले. सोमवारी, 3 तारखेला सेन्सेक्स अडीच हजारांनी उसळून 76,468 वर बंद झाला. 4 जूनला मतमोजणी. भाजपला स्पष्ट बहुमत नाही हे दिसायला लागलं तसा बाजार कोसळत गेला. मध्ये सहा हजारांनी खाली, बंद होताना 4,389 ची घसरण, 72,079. आमचा कीपर सकाळपासून टीव्हीसमोर होता. दुपारी त्याचा मला फोन आला, "तीनच्या आत टाकलं तर आजचाच भाव मिळतो ना रे?" म्युच्युअल फंडाचा नियम त्याला बरोबर पाठ होता. देशाचं आता काही खरं नाही, असं म्हणून त्याने सेन्सेक्सच्या मागोमाग चालणाऱ्या इंडेक्स फंडातले चार लाख काढले. मी थांब म्हणालो, पण त्या क्षणी मी त्याच्यासाठी दुसऱ्या संघाचा स्कोअरर होतो.

शुक्रवारी, 7 जूनला सेन्सेक्स 76,693 वर बंद झाला. तीन दिवस. चार लाखांवर हिशेब केला तर साधारण साडेपंचवीस हजार रुपये.

ओपनर त्याला आजही चिडवतो. पण ओपनरची गोष्ट माझ्या वहीत दहा वर्षं आधीची आहे. 16 मे 2014 ला निकाल लागला तेव्हा "आता सगळं बुडणार" म्हणून त्याने शेअर बाजाराशी संबंधच तोडला आणि सगळं मुदत ठेवीत नेऊन ठेवलं. त्या दिवशी सेन्सेक्स 24,121 होता. 7 जूनचा आकडा वर दिलाच आहे. कीपरने तीन दिवसांत गमावलं ते निदान दिसलं तरी. ओपनरचं दहा वर्षं गळत होतं आणि भांड्याचा आवाजही आला नाही.

निकालाच्या दिवशी बाजार काय करतो यावरून नेता जोखणाऱ्यांसाठी आणखी दोन तारखा. 17 मे 2004: यूपीएचं सरकार येणार म्हणून सेन्सेक्स 11 टक्के कोसळला, 4,505 वर आला, व्यवहार दोनदा थांबवावे लागले. 18 मे 2009: त्याच यूपीएचं सरकार पुन्हा येणार म्हणून 17 टक्के उसळला. आणि 2004 ला ज्या दिवशी लोक पळाले तिथून चार वर्षं व्हायच्या आत, जानेवारी 2008 मध्ये, तो 21,000 ला टेकला होता.

"पण आम्हाला खरंच तसं वाटतं!"

वाटतं, पण पूर्ण नाही, असं दिसतं. अमेरिकेतल्या काही राज्यशास्त्रज्ञांनी लोकांना बेकारी, युद्धातली जीवितहानी अशा गोष्टींचे प्रश्न विचारले. नेहमीप्रमाणे दोन पक्षांच्या समर्थकांची उत्तरं दोन टोकांना. मग काही जणांना सांगितलं, बरोबर उत्तराला पैसे मिळतील. दोन टोकांतलं अंतर निम्म्याहून जास्त कमी झालं. "माहीत नाही" म्हणण्यालाही थोडे पैसे ठेवले तेव्हा आणखी घटलं. म्हणजे बरोबर उत्तर बऱ्याच जणांच्या मनात कुठेतरी होतं. एरवी फुकटात आपल्या संघाचा झेंडा हलवायला मिळत असल्यामुळे तो हलवला जात होता.

हे मी ग्रुपवर करून पाहिलं. डिसेंबरात पतधोरणाच्या आदल्या रात्री दोघांची जुंपली होती. एकाचं म्हणणं साहेब व्याज आणखी उतरवणार, दुसऱ्याचं म्हणणं अर्थव्यवस्था आतून पोखरली आहे. मी लिहिलं, उद्या सकाळी रेपो किती होईल तो आकडा सांगा, हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ. बराच वेळ दोन्हीकडे "टायपिंग" दिसत राहिलं आणि पुसलं गेलं. शेवटी ओपनरने लिहिलं, "5.25." मिनिटभराने कीपरचंही तेच, 5.25.

मिसळ कोणीच दिली नाही. पण दुसऱ्या दिवशी कीपरने मला वेगळा मेसेज केला, ग्रुपवर नाही. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की व्याज बदललं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची मुभा बँकेने कर्जदाराला द्यायची. हे मी त्याला मागेच कळवलं होतं, तेव्हा त्याने उत्तरादाखल एका नेत्याचं भाषण पाठवलं होतं. आता विचारत होता, "हप्ता दोन हजारांनी वाढवून घेतला तर किती वर्षं वाचतील? जरा मांडून दे ना."

मी वही काढली.